उरलेला भात कुणाच्या ताटात?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी... उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीच्या खाली शनिवारी रात्री नऊच्या सुमारास उभं राहा. खाण्याच्या पिशव्या घेऊन आलेली मुलं लिफ्टची वाट बघत असतात. पूर्वी त्या पिशव्यांत मंच्युरियन आणि पनीर टिक्का असायचा, आता पास्ता असतो, रिसोटो असतो. कांदा-लसणाशिवायचा जैन रिसोटोसुद्धा असतो, हे घाटकोपर-मुलुंडकरांना वेगळं सांगायला नको!

ज्यांच्या गावात हा पाहुणा अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. रिसोटो म्हणजे आपल्या मऊ खिचडीचा इटलीतला चुलतभाऊ. आखूड, जाडसर दाण्याचा तांदूळ बटरवर परतायचा आणि मग भाज्यांचं गरम पाणी डावाडावाने घालत, ढवळत ढवळत शिजवायचा. शेवटी भरपूर चीज. गरम असताना ताटात पसरेल इतका सैल, आणि गार झाला की घट्ट गोळा! मुलं हौसेने मागवतात, चार घास खातात, ‘हेवी आहे’ म्हणतात आणि डबा फ्रीजमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोण बघतं? बाहेर काढणारी आणि खाणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा सहज विचारलं, ‘तुमच्याकडे शिळं कोण खातं?’ बायका एकमेकींकडे बघून हसल्या. उत्तर द्यायची गरजच पडली नाही. ‘टाकवत नाही हो,’ एक जण म्हणाली, ‘आणि यांना कसं वाढणार?’ या एका वाक्यात सगळं आलं. यांना ताजं, मुलांना ताजं, सासूबाईंना मऊ ताजं आणि राहिलेलं आपलं. त्यात आपण काही त्याग करतोय असंही कुणाला वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. हे शिळ्या भातानेच झालं असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक आहेत. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेल्या भातावर ताक ओतून जेवण उरकणारीच्या पोटात भाजी, उसळ, कोशिंबीर किती जाते, याचा हिशोब घरात कुणीच मांडत नाही.

म्हणून आज उरलेल्या रिसोटोच्या, किंवा आपल्या साध्या भाताच्या, कुरकुरीत गोळ्यांबद्दल लिहिते आहे. या पदार्थाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो टेबलावर आला की ‘शिळं’ हा शब्दच कुणी काढत नाही. सगळे खातात. उलट दोन कमी पडतात.

ही युक्ती मूळची इटलीतली. तिथल्या सिसिली बेटावर भाताचे असे गोळे तळतात, त्यांना अरांचिनी म्हणतात. शब्दाचा अर्थ छोटी संत्री. रंग आणि आकार दोन्ही तसेच! रोममध्ये त्यांचे लांबुळके भाऊबंद आहेत, सुप्ली नावाचे. गरम सुप्ली मधून तोडली की दोन्ही तुकड्यांमध्ये चीजची तार लोंबते, ती जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी दिसते म्हणून लोक त्याला ‘टेलिफोनवाली सुप्ली’ म्हणायला लागले. आणि मिलानमध्ये तर उरलेला रिसोटो तव्यावर थापून थालीपिठासारखा खरपूस भाजतात. म्हणजे उरलेल्या अन्नापुढे जगातल्या सगळ्या बायकांची डोकी सारखीच चालतात म्हणायची.

सिसिलीची आणखी एक गंमत. तिथे १३ डिसेंबर हा संत लुचियाचा दिवस. १६४६ साली दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं आणि उपाशी लोकांनी दळायचीही वाट न बघता ते धान्य शिजवून खाल्लं, अशी कथा सांगतात. म्हणून त्या दिवशी पालेर्मो शहरात पाव नाही, पास्ता नाही, गव्हाचं पीठच वर्ज्य. मग लोक भाताचे हे गोळे खातात. आपल्या एकादशीला भात चालत नाही, त्यांच्या उपासाला भातच चालतो!

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. रिसोटोचा गोळा सहज वळतो, कारण त्याचा तांदूळच चिकट असतो आणि त्यात चीज-बटर असतं. तांदळात दोन प्रकारचं पिष्ट असतं. त्यातल्या एकाने, अमायलोपेक्टिनने, भात चिकटतो आणि दुसऱ्याने, अमायलोजने, तो मोकळा होतो. बासमतीत दुसरं जास्त, म्हणून पुलावाचं शीत न् शीत सुटं. आपला वाडा कोलमही तसा मोकळाच. तो पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याचा, आणि त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण इंद्रायणी असेल तर निम्मं काम झालंच. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला हा मावळातला तांदूळ शिजला की आसट होतो आणि हाताला चिकटतो. एरवी ‘भात गिचका झाला’ म्हणून बोलणी खावी लागतात, इथे तोच गिचका भात कामाचा. गोळ्यांसाठी मी इंद्रायणीलाच पहिला नंबर देईन. आर्बोरिओ नावाचा परदेशी तांदूळ मॉलमधून महाग विकत आणायचं काहीच कारण नाही.

कृतीकडे वळण्याआधी मात्र एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण ती कृतीपेक्षा महत्त्वाची आहे. रात्रीचा भात तुम्ही कुठे ठेवता?

बहुतेक घरांत कुकर ओट्यावरच राहतो. वरण-भाताचं जेवण झालं, भांडं झाकलं, ‘सकाळी फोडणी देऊ’ म्हणून झोपलो. भात करताना कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या म्हणजे सगळे जंतू मेले अशी आपली समजूत. पण बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू आहे, तो मातीतून धान्यावर येतो आणि त्याची बीजं उकळत्या पाण्यातही तगून राहतात. भात गरम असेपर्यंत ती गप्प असतात. तो कोमट झाला की वाढायला लागतात, आणि झाकलेल्या कुकरमध्ये भात तासन् तास कोमटच राहतो! त्यात मुंबईची हवा, रात्रीसुद्धा दमट आणि उबदार. हे जंतू वाढताना एक विष तयार करतात. त्याने एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. दुसऱ्या प्रकारात जुलाब होतात, त्याला जरा जास्त वेळ लागतो. आपण म्हणतो, ‘पित्त झालं असेल.’ १९७१ साली इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसने लोक आजारी पडले, तेव्हापासून डॉक्टरमंडळी या दुखण्याला ‘फ्राइड राइस सिंड्रोम’ म्हणतात. तिथेही कारण हेच होतं, शिजवलेला भात बाहेर ठेवून नंतर परतायचा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, या विषाला वास नसतो. ‘आंबूस वास येत नाहीये, म्हणजे चांगला आहे’ ही आपली नेहमीची परीक्षा इथे नापास. दोन, उलट्या करणारं हे विष १२१ अंश उष्णतेत दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे फोडणी द्या, तळा, मायक्रोवेव्हमध्ये फिरवा किंवा एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर ठेवा, एकदा तयार झालेलं विष जात नाही. त्यातून गोळ्याचं वरचं कवच तेवढं तापतं, आतला भात नुसता वाफाळतो.

उपाय अगदी सोपा आहे, आणि फुकट. जेवणं झाली की उरलेला भात कुकरमधून काढून परातीत पातळ पसरायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांत निवतो. मग उथळ डब्यात भरून, शिजल्यापासून तासाभरात फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचाच. ज्या गावात वीज चार-सहा तास जाते तिथे फ्रीजवरही डोळे झाकून विसंबू नका. रात्रभर फ्रीज बंद होता असं कळलं तर तो भात टाकून द्यावा. मला माहीत आहे, हे वाक्य वाचून पुष्कळजणींच्या पोटात कालवलं असेल. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ आपण लहानपणापासून म्हणत आलोय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, तेव्हा टाकणं वाईट हे खरंच. पण अन्न वाचवायची जागा म्हणजे तांदूळ मोजायची वाटी. आपलं पोट म्हणजे त्याची कचराकुंडी नव्हे.

आणि आपल्या आज्या-पणज्या शिळं खायच्या त्याचं काय, असा प्रश्न येतोच. खायच्या, पण बघा, काय खायच्या! आमच्याकडच्या गुजराती शेजारणी गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी शीतळा सातम पाळतात. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं. आदल्या दिवसाला त्या ‘रांधण छठ’ म्हणतात आणि दिवसभर रांधत असतात. थेपले, पुऱ्या, वडे... सगळं कोरडं, तळलेलं, टिकणारं. आपल्याकडेही प्रवासाला दशम्या आणि भाताचाच डबा असेल तर दहीभात, कारण आंबट पदार्थात हे जंतू सहजी वाढत नाहीत. काय टिकतं आणि काय टिकत नाही हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

तर आता कृती. रिसोटो असेल तर फ्रीजमधला गार दोन वाट्या घ्या, त्यात फारसं काही घालावं लागत नाही. मिठाची चव मात्र आधी बघा, चीजमुळे तो मुळातच खारट असतो. सैल वाटला तर दोन चमचे ब्रेडचा चुरा मिसळा. साधा भात असेल तर दोन वाट्या गार भात हाताने चांगला कुस्करायचा, शितं अर्धी मोडली पाहिजेत. त्यात एक मध्यम उकडलेला बटाटा किसून, दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन, एक चीजचा क्यूब किसून, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, जिरं, कोथिंबीर आणि मीठ. जैन करायचं तर बटाट्याऐवजी कच्चं केळं उकडून घाला आणि आलं-लसूण वगळा. भात गारच हवा बरं का. शिजलेलं पिष्ट थंडीत पुन्हा घट्ट होतं, म्हणून फ्रीजमधल्या भाताचे गोळे आकार धरतात. गरम भाताचे बसकतात.

हाताला पाणी लावून लिंबाएवढे गोळे वळा. मधे चीजचा छोटा तुकडा दाबा. मटकीची कोरडी उसळ उरली असेल तर चमचाभर ती भरा, मला तर चीजपेक्षा तीच आवडते, आणि पोटात काहीतरी कसदार जातं. तोंड नीट बंद करा. बारीकशी भेग राहिली तरी तिथून चीज बाहेर येतं आणि जाळीला चिकटून बसतं.

आता एअर फ्रायरची नाडी ओळखायला हवी. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा आणलं, तेव्हापासून ‘तेलाशिवाय तळण’ अशी त्याची जाहिरात होत आली आहे. खरं तर ते तळतच नाही. वर तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा, आणि गरम वारा टोपलीत जोरात फिरतो. छोटी, जोरदार भट्टीच म्हणा ना. तेल पदार्थाला चारी बाजूंनी भिडतं आणि भरकन उष्णता देतं. हवा तेवढी देऊ शकत नाही. म्हणून दोन गोष्टी होतात. भज्यांचं किंवा बटाटेवड्याचं ओलं पीठ त्यात चालत नाही, ते घट्ट व्हायच्या आतच जाळीतून गळतं. आणि कोरड्या ब्रेडच्या चुऱ्याला तेल नसेल तर तो पांढराफटक राहतो, खाताना भुसा खाल्ल्यासारखं लागतं.

त्यावर तोड अशी. वाटीभर ब्रेडचा चुरा घ्यायचा. शिळ्या पावाचा किंवा चहाबरोबरच्या टोस्टचा चुरा उत्तम. त्याला दोन चमचे तेल चोळायचं आणि कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत आधीच परतून घ्यायचा. रंगाचं काम इथेच उरकतं. दुसऱ्या वाटीत दोन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा मैदा आणि पाणी घालून ताकाएवढं पातळ करा. गोळा त्यात बुडवा, निथळू द्या, चुऱ्यात घोळवा, हाताने हलकेच दाबा. सगळे गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये. एअर फ्रायर ३-४ मिनिटं आधी तापवून १९० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. आठव्या मिनिटाला एकदा फिरवा. टोपलीत गर्दी करू नका. गोळ्यांमधून वारा खेळला नाही तर कडा ओलसर राहतात. या मापाने दहा-बारा गोळे होतात आणि एकूण तेल लागतं दोन चमचे.

कढईत तळले तर चवीला काकणभर सरस होतात, हे कबूल करायला हरकत नाही. पण दहा गोळ्यांसाठी कढईत अर्धा लिटर तेल ओता, आणि मग ते गाळून, ठेवून पुन्हा पुन्हा तापवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना जळक्या तेलाची मर्यादा घालून दिली आहे. आपल्या घरातल्या कढईची तपासणी कोण करणार?

यंत्र घ्यायचं ठरवलंच तर घरातलं बटण आधी बघा. लहान एअर फ्रायर साधारण १४०० वॅटचे असतात. साध्या ६ अँपिअरच्या प्लगला २३० व्होल्टवर १३८० वॅटच झेपतात. म्हणजे फ्रिजला किंवा गिझरला असतो तसा जाड पिनांचा, १६ अँपिअरचा प्लगच हवा. जुन्या इमारतींत, चाळीत ओट्याजवळ तो नसतो, मग बायका एक्स्टेंशन बोर्ड लावतात. ते करू नका, वायर तापते. वायरमन बोलावून वेगळा पॉइंट काढून घ्या. विजेचा खर्च फार नाही, वीस मिनिटांना जास्तीत जास्त अर्धा युनिट. दर मात्र कंपनीप्रमाणे बदलतो. मुलुंड-भांडुपला महावितरण, अंधेरी-बोरिवलीला अदानी नाहीतर टाटा, तुमच्या गावी तुमची जी असेल ती.

आणि यंत्र नसेल तर? अहो, आप्पेपात्र आहे ना! खळग्यात दोन-दोन थेंब तेल सोडायचं, गोळा ठेवायचा, झाकण घालायचं, खालून लाल झाला की काडीने उलटायचा आणि दुसऱ्या बाजूने झाकण न ठेवता होऊ द्यायचा. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. कवच तितकं एकसारखं होत नाही, पण तळाशी जी खरपूस टोपी धरते ती एअर फ्रायरला कधीच जमत नाही. चार-पाच हजार वाचले, आणि वीज गेली तरी काम अडत नाही.

एक शेवटची गोष्ट, जरा नाजूक आहे. आमच्या उपनगरांत उरलेल्या भाताला आणखी एक वाट आहे, कामाला येणाऱ्या मावशींचा डबा. ‘टाकण्यापेक्षा तिला दिलं’ असं आपण अगदी सहज, भलेपणाने म्हणतो. ज्या घरकामगार बायका माझ्या ओळखीच्या आहेत त्यांतल्या एकीने मला स्पष्ट सांगितलं, ‘ताई, घेते मी, नाही म्हटलं तर वाईट दिसतं. पण घरी नेऊन पोरांना देत नाही.’ ओट्यावर रात्रभर राहिलेला भात आपल्या मुलांना चालत नसेल तर तिच्याही मुलांना चालत नाही, जंतू घर बघून येत नाहीत. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण ओट्यावरच्या या देण्याघेण्याला कायदा नाही, तिथे आपणच बघायचं. हे गोळे केलेत तर त्यातले दोन तिला चहाबरोबर, बशीत, गरम गरम द्या.

गरमच खायचे असतात ते. दहा मिनिटांत आतली वाफ बाहेर येते आणि कवच मऊ पडतं, मग कितीही चटणी लावा. म्हणून सगळे बसल्यावरच टोपली लावायची आणि पहिल्या घाण्यातला एक गोळा करणारीने आधी उचलायचा. चव बघायला कुणीतरी हवंच! लाल चटणी, टोमॅटो सॉस किंवा दह्यात लसूण-मीठ घालून काहीही चालतं. मात्र यातूनही उरलेच, तर ते पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका. भात एकदाच गरम करायचा.